लाकडी पाय आणि दोन शब्द

२६ जाने. १९७४
शाळेत झेंडावंदन. मला परत खुर्चीत मांडलं. एका बाजूला कर्णा, दुसऱ्या बाजूला शेवंतीची कुंडी, मध्ये मी. सरपंच आबांनी लढाई सांगितली. आबा पुण्याच्या पुढं कधी गेले नाहीत, पण सुरुंग कसा फुटला ते मलाच समजावत होते. शाल, नारळ. मग नेहमीचं, "दोन शब्द बोला." उठलो. शब्द फुटेना. बायका डोळे पुसायला लागल्या. आबा म्हणाले, "शूर गडी हाये, शूराला बोलाया लागत न्हाई." टाळ्या.
शिसारी आली. त्यांची, आणि त्याहून जास्त माझी. सीमेवर उभा राहिलो आणि गावासमोर ततपप.
घरी काशी म्हणाली, आता या शालींची गोधडी शिवते.

३ फेब्रु.
कामशेत. इस्माईलभाईंचं चहाचं दुकान. एकाच पलटणीतले आम्ही. त्यांचा एक कान गेला, माझा डावा पाय. गोडगोड बोलणं त्यांना जमत नाही.
"दत्तू, बडाखान्याच्या पंगतीत सुभेदाराची नक्कल कोन करायचं? आख्खी कंपनी पोट धरून लोळायची. आन हितं नवरीवानी मान खाली घालून बसतोस!"
म्हणे, जत्रेत तमाशाआधी नकला कर. लोकं एकदा हसली की घसा सुटेल. नाही म्हटलं. त्यांनी चहाच दिला नाही.

२० फेब्रु.
शेवटी नकलांना हो म्हटलं. भाताच्या गिरणीमागे सराव. गिरणी चालू असतानाच. बाहेर कुणाला ऐकू जात नाही, आणि इस्माईलभाईंना ऐकवायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. ते चांगला कान पुढं करून बसतात. ऐकू आलं नाही की परत पहिल्यापासून. नाकातोंडात कोंडा. आज बुटाचा किस्सा न अडखळता झाला. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

७ एप्रिल
जत्रा. लिहावंसं वाटत नाही, तरी.
आवाज खणखणीत लागला. सांगितलं, दवाखान्यातून सुटलो, स्टोअरच्या हवालदाराकडं एक बूट मागितला. तो म्हणाला, बूट जोडीनंच मिळतो. एक परत करायचा तर आधी तो पायात बसत नाही हे घालून दाखव.
या वाक्याला कंपनी लोळली असती. इथं सगळं चिडीचूप. मग गुरुजी उठले. टोपी काढली. बघता बघता आख्खी जत्रा उठून उभी, माना खाली. कुणीतरी जय म्हणालं. आणि एक म्हातारी मंचावर चढून माझ्या लाकडी पायाला कुंकू लावून गेली. लाकडाला!
तसाच खाली उतरलो. मी मेलोय काय यांच्या लेखी?

९ एप्रिल
काशी आज बोलली. ती त्या दिवशी हसली होती. तोंडात पदर कोंबून. शेजारची खेकसली, "नवऱ्याचा पाय गेला आन हसतीस व्हय गं?"
मी विचारलं, खरंच हसलीस?
"लय. पर तुमी खांबावानी उभं का ऱ्हायला व्हता? टाचा जुळवून, छाती काढून. मानसं उठायचीच की."
डोक्यात प्रकाश पडला. सावधानमध्ये उभा होतो मी. सबंध वेळ. कुणी समोर दिसलं की टाचा आपोआप जुळतात, त्यातली एक लाकडाची असली तरी. इस्माईलभाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "गिरणीमागं बसून मी नुस्तं ऐकलं रं, बगितलंच न्हाई!"

२२ एप्रिल
आबा आले. १ मेला लोणावळ्यात सत्कार. मोठे पाहुणे. "तुमी नुस्तं बसायचं. त्या जत्रेवानी कायबाय बोलू नका, माझी मान खाली जाईल."
म्हणजे कुंडीच. नाही म्हणणार होतो. इस्माईलभाई म्हणाले, जा. दोन शब्द बोला म्हणतीलच. तवा सत्काराचीच नक्कल कर. खुर्चीला शाल घाल, नारळ दे, आबांच्या आवाजात लढाई सांग.
गिरणीमागे करून पाहिलं. इस्माईलभाई कोंड्यात लोळले. मला मात्र धडकी. लोकं हसली नाहीत तर यापुढं जन्मभर खुर्चीच. आबा तर तोंड बघणार नाहीत.

१ मे
लोणावळा. मंचावर बसूनच लिहितोय. पाहुण्यांचं भाषण काही संपत नाही. शेजारचे गृहस्थ समजतात मी टिपणं घेतोय. मघाशी कौतुकानं मान डोलवली त्यांनी. पाहुण्यांनी आत्ताच माझा उजवा पाय गेला म्हणून सांगितलं. कुणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही. शाल खांद्यावर आहे, नव्या कापडाचा वास डोक्यात जातोय. किळस येते या वासाची.
काशी बायकांत तिसऱ्या रांगेत. पदर आज कमरेला खोचलाय. इस्माईलभाई मागं, खांबाला टेकून, चांगला कान इकडं.
आबा माइककडं गेले. म्हणाले, "दोन शब्द..." आणि माझ्याकडं बघून, बसूनच राहा असा हात केला.
उठतोय. टाचा जुळल्यात. आधी त्या सोडवतो.