बागेतल्या हॉटेलाची नवी पाटी

॥ श्री ॥

धुळे,
४ ऑक्टोबर २०२४

सौ. ज्योत्स्नाबाई विहीणबाईंना पुष्पाबाईचा स. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुमच्या गुडघ्याला आराम पडला का? योगराजभाऊंना नमस्कार सांगा. केळीची कापणी आटोपली असेल.

फोन न करता पत्र लिहिते आहे. मला ऐकू कमी येतं म्हणून हितेंद्रने माझा फोन कायमचा स्पीकरवर लावून ठेवला आहे. मी तुमच्याशी बोलायला लागले की शेजारची बेबाबाई ओट्यावरून उत्तरं देते. आणि आजची गोष्ट गल्लीला ऐकवण्यासारखी नाही.

तुमच्या जावयांनी बागेतल्या हॉटेलाची पाटी पुन्हा बदलली. मे महिन्यात डोसा होता. पोळ्याच्या आधी पिझ्झा आला. आता मल्टिक्युझिन की काय ते आहे. मी अर्थ विचारला, तर सगळं मिळतं म्हणाला. गेले शेवभाजी मागायला, तर तीच तेवढी नव्हती.

ती जागाच तशी आहे हो. आधी तिथे चायनीजवाला होता, मग राजस्थानी थाळी आली, मग आइस्क्रीमवाला. तो तर खुर्च्या टाकून गेला. बागेची समिती जागा देते अकरा महिन्यांसाठी. माणूस जरा रुळला की करार संपतो. संध्याकाळी लोक येतात ते पोरांना झोक्यावर बसवायला. साडेआठला रखवालदार शिट्टी फुंकतो आणि फाटक लावतो. जेवणार कधी? हे सगळं दिसत असताना हितेंद्रने पतपेढीतली नोकरी सोडून ती जागा घेतली, आणि गिऱ्हाईक आलं नाही की त्याला वाटतं दोष पाटीचा.

तुमची नूतन सांगत होती, तुम्हीच तिला म्हणालात की जावईबापूंच्या डोक्यात कल्पना फार आहेत, त्यांना वाव द्या. विहीणबाई, वाव बठ्ठा, होता नव्हता तेवढा देऊन झाला. आता तुम्ही दोन शब्द सांगा. माझं तो ऐकत नाही.

राग मानू नका, आणि मानलात तर उत्तरात तसं लिहा.

तुमची,
पुष्पाबाई

जळगाव,
१५ ऑक्टोबर २०२४

श्रीमती पुष्पाबाई यांना सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. पोस्टात नोकरी केल्यामुळे पाकीट हातात आलं की मी अजून आधी शिक्का बघते. तुम्ही चारला लिहिलंत आणि पेटीत टाकलंत दहाला. म्हणजे सहा दिवस विचार करूनही त्यातला एक शब्द तुम्हाला कमी करावासा वाटला नाही.

राग मानला आहे, म्हणून लिहिते. वाव द्या असं मी म्हटलेलं नाही. जावईबापूंच्या डोक्यात कल्पना फार आहेत, एवढंच म्हटलं होतं, आणि ते कौतुकाने नव्हतं. पुढचं वाक्य तुम्हाला बरं वाटावं म्हणून नूतनने जोडलेलं दिसतं. आम्ही मुलगी दिली ती पतपेढीत काम करणाऱ्या मुलाला. त्याने नोकरी सोडली तेव्हा तुम्ही घरातच होतात, आम्ही इथे होतो. तेव्हा दोन शब्द कोणी सांगायचे, हे तुम्हीच ठरवा.

एक मात्र सांगते. नूतनच्या मनात वेगळंच आहे. ती म्हणते, पहाटेपासून बागेत फिरायला एवढी माणसं येतात आणि घाम पुसत घोटभर चहासाठी बाहेर रस्त्यावर जातात. सकाळी नुसते पोहे, चहा आणि भाकरी-ठेचा ठेवला तरी पुरे. जावईबापूंना ते पटत नाही. त्यांना संध्याकाळी दिव्यांच्या माळांखाली कुटुंबं जेवताना बघायची आहेत. तुम्ही तिच्या बाजूने बोललात तर फरक पडेल.

यांचाही नमस्कार. स्पष्ट लिहिलं तरी माया तीच आहे, हे धरून चाला.

तुमची,
ज्योत्स्ना

धुळे,
२ डिसेंबर २०२४

सौ. ज्योत्स्नाबाईंना स. न. वि. वि.

मागच्या पत्राने मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, बाई खरं बोलते आहे. मग मी हितेंद्रला बसवून सांगितलं की सकाळ नूतनची, संध्याकाळ तुझी. तो कुरकुरला, पण हो म्हणाला.

आता ऐका. नूतनने आमच्या मागच्या गल्लीतल्या शेवंताबाईला भाकरी करायला घेतलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, पोहे, चहा. बाकी काही नाही. दिवाळीनंतर थंडी पडली आणि फिरायला येणारी मंडळी तव्याभोवती उभी राहायला लागली. वकील आहेत, मास्तर आहेत, एक जोडपं तर फिरायचं सोडून थेट खायलाच येतं. मी स्वतः जाऊन पाहिलं. नूतन प्रत्येकाला नावाने ओळखते, कोणाला साखर चालत नाही तेही तिला ठाऊक.

हितेंद्रला याचा आनंद व्हावा की नाही? तो म्हणतो, हॉटेलाची टपरी झाली. मित्रांनी विचारलं तर काय सांगू, भाकऱ्या विकतो म्हणून? संध्याकाळी तो टेबलांवर मेणबत्त्या लावून बसतो. त्या वाऱ्याने विझतात, तो परत लावतो. मला त्याची कीवही येते आणि दोन द्याव्यात असंही वाटतं.

नूतन वाळली आहे. पहाटे जाते, संध्याकाळी त्याच्याही हाताशी थांबते, रात्री येते. तुम्ही भरताची वांगी पाठवलीत ती पोचली. तिने मला आयतं भरत वाढलं आणि स्वतः ताटावर पेंगली.

चिडून लिहिण्यासारखं यावेळी कमी होतं. तुमच्याकडूनही तसंच पत्र यावं.

पुष्पाबाई

जळगाव,
२१ जानेवारी २०२५

श्रीमती पुष्पाबाई यांना नमस्कार.

नूतन इथे आली त्याला आठवडा होऊन गेला. तुम्ही एकदाही विचारपूस केली नाहीत, याचं मला नवल वाटतं.

भुसावळला माझ्या भाचीचं लग्न होतं, त्यासाठी ती तीन दिवस दुकान सोडून आली होती, हे तुम्हाला माहीत आहे. परत धुळ्याला गेली आणि स्टँडवरून आधी बागेत गेली. तिथे नवी पाटी. कुठलासा कॅफे. सकाळचं सगळं बंद. तवा माळ्यावर टाकलेला, आणि शेवंताबाईला जावईबापूंनी उद्यापासून येऊ नका म्हणून सांगून टाकलेलं. फिरणारी मंडळी बंद दारापुढे उभी होती. त्यांनी नूतनलाच विचारलं की ताई, असं का केलंत? ती तशीच पिशवीसकट परत स्टँडवर गेली आणि जळगावची बस धरली.

ती रडत नाही. तेच मला बरं वाटत नाही. ती म्हणते, पाटी बदलली त्याचं काही नाही, मला न विचारता बदलली. एका बाईची भाकरी तोडली आणि मी परत येण्याची वाटही पाहिली नाही. तिला परत पाठवा असं तुम्ही लिहिणार असाल तर पोस्टाच्या तिकिटाचा खर्च करू नका.

तुमच्या तब्येतीची काळजी मात्र आहे.

ज्योत्स्ना

धुळे,
२७ जानेवारी २०२५

सौ. ज्योत्स्नाबाईंना हात जोडून नमस्कार.

हितेंद्रने मला सांगितलं होतं की तुमचा गुडघा फार दुखतो म्हणून नूतन तुमच्या सेवेला राहिली आहे. मी रोज तुमच्या गुडघ्यासाठी देवापुढे दिवा लावत होते. आणि फोन करू म्हटलं की तो म्हणे, त्यांना विश्रांती घेऊ दे.

तुमचं पत्र वाचून चप्पल घातली आणि बागेत गेले. कॅफेत चिटपाखरू नव्हतं. मी टेबलाशी बसले आणि त्याला समोर बसवलं. विचारलं की तुझ्या सासूबाईंचा गुडघा आता कसा आहे. तो गोंधळला, मग त्याला कळलं. म्हणाला, सगळे येऊन नूतनताई कुठे एवढंच विचारायचे. मालक मी आहे हे कोणाच्या लक्षातच येत नव्हतं.

ज्योत्स्नाबाई, पोटचा मुलगा आहे, पण त्या घडीला मला त्याची लाज वाटली. मी त्याला म्हटलं, शेवंताबाईची माफी तू स्वतः जाऊन माग. तो गेला. तिने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा मलाही पाणी विचारलं नाही.

नूतनला परत पाठवा असं मी लिहिणार नाही. तिला हवं तितकं राहू द्या. तिची दोन लुगडी आणि स्वेटर बेबाबाईच्या भाच्याबरोबर पाठवते आहे, थंडी आहे.

तुमच्यापुढे तोंड दाखवायची सोय राहिली तर भेटू.

पुष्पाबाई

जळगाव,
५ मार्च २०२५

प्रिय पुष्पाबाई,

लुगडी कुठली, साड्याच निघाल्या, आणि त्यांत तुमची स्वतःची जरीची एक. ती चुकून आली की मुद्दाम, हे विचारणार नाही. नूतनने ती नेसून पाहिली, एवढं सांगते.

रविवारी जावईबापू आले होते. ते तुम्हाला सांगून आले की नाही, ठाऊक नाही. मी भरत-पुऱ्या केल्या. नूतन समोर बसली. मला वाटलं, आता हा मुलगा काहीतरी बोलेल. बोलला खरा. पहिला घास गिळला आणि म्हणाला की करार संपतोय, पुन्हा अर्ज करायचा विचार आहे, यावेळी तंदूर. नूतन ताटावरून उठली आणि आत गेली.

तुम्हाला माहीत आहे, आमचे हे दिवसात चार वाक्यं बोलतात, त्यांतली तीन केळीबद्दल. त्यांनी हात धुतला आणि जावईबापूंना विचारलं की तुम्ही बायकोला न्यायला आला आहात की पाटी मंजूर करून घ्यायला? जावईबापू दुपारच्या बसने एकटेच गेले. यांनी स्टँडवर सोडलं आणि पिशवीत केळी दिली. मला इतका राग आला होता की मी ती दिली नसती.

पुष्पाबाई, त्याला ती जागा पुन्हा घेऊ देऊ नका. मी नूतनच्या बाजूने सांगत नाही, त्याच्याच बाजूने सांगते आहे.

तुमची आठवण काढून चिडणारी,
ज्योत्स्ना

धुळे,
१० एप्रिल २०२५

सौ. ज्योत्स्नाबाईंना स. न. वि. वि.

मी हितेंद्रला सांगितलं, तो हो म्हणाला, आणि गुपचूप अर्ज करून आला. मला कळलं तेव्हा निकाल लागून गेला होता. जागा पारोळ्याच्या रुपचंद नावाच्या माणसाला मिळाली. हितेंद्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. मला वाईट वाटलं आणि मनातून हायसंही वाटलं. आईला एका वेळी दोन्ही वाटतं, तुम्ही समजून घ्याल.

खरी बातमी पुढे आहे. हा रुपचंद काल आमच्या दारात आला. म्हणाला, मी जागा बघायला सकाळी बागेत गेलो, तर फिरणाऱ्या लोकांनी मला घेरलं. म्हणे आधी त्या भाकरीवाल्या ताईंना शोधून आणा, मग बाकीचं बघा. त्याला सकाळचं सगळं नूतनच्या हाती सोपवायचं आहे. पगारावर. हितेंद्र आतल्या खोलीतून सगळं ऐकत होता. मी मुद्दाम मोठ्याने बोलले.

मी रुपचंदला सांगितलं, सून माहेरी आहे, तिला विचारून कळवते. शेवंताबाईलाही घ्यावं लागेल हे मीच घालून टाकलं. तो हो म्हणाला. आता तुम्ही विचारा. हो म्हणाली तर आनंद, नाही म्हणाली तर माझं काही म्हणणं नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
पुष्पाबाई

जळगाव,
१७ एप्रिल २०२५

प्रिय पुष्पाबाई,

नूतन सोमवारी येते. पहिला प्रश्न तिने शेवंताबाईचा विचारला, दुसरा तुमच्या कानाचा. तिसरा विचारला नाही. मीही विचारू दिला नाही असं म्हणा.

ती नोकरीवर येते आहे की सासरी, हे तिचं तिलाच अजून ठरवायचं आहे. तोवर तिचं अंथरूण तुमच्या खोलीत घाला. आणि जावईबापूंना समजावण्याच्या भानगडीत आपण दोघी आता पडायचं नाही. आजवर पडून काय झालं, ते दोघींनी पाहिलं आहे.

सांभाळा, तिलाही आणि स्वतःलाही.

ज्योत्स्ना

धुळे,
८ जून २०२५

प्रिय ज्योत्स्नाबाई,

तुम्ही भानगडीत पडू नका म्हणालात. मी महिनाभर पडले नाही. एवढा काळ मी गप्प बसल्याचं बेबाबाईलाही आठवत नाही.

हितेंद्रला अमळनेरच्या एका पतपेढीत काम लागलं. सकाळच्या एसटीने जातो, संध्याकाळी येतो. आता सकाळचं चालतं तसं संध्याकाळचंही नूतनच बघते. शेवभाजी ठेवली आहे, आणि रुपचंदने समितीच्या मागे लागून फाटक उशिरापर्यंत उघडं ठेवायची परवानगी मिळवली. तेवढं आमच्या शहाण्याला सुचलं नव्हतं. हितेंद्र रोज मोटारसायकल घेऊन तिला आणायला जातो, पण आत पाऊल टाकत नाही. फाटकाबाहेर फुगेवाल्याशेजारी उभा राहतो. ती येते, मागे बसते, घरी येतात, ती माझ्या खोलीत झोपते. दोघांत बोलणं काय, तर भाजी आणली का आणि गॅस संपला का. मला कानाने कमी ऐकू येतं, तरी ही शांतता ऐकून माझं डोकं उठलं होतं.

शेवटी काल मी त्याला म्हटलं, मला बागेत सोड, नूतनच्या हातची शेवभाजी खायची आहे. फाटकापाशी उतरले आणि पाय चालत नाहीत म्हणून त्याचा हात धरला. पाय चांगले आहेत माझे. टेबलापर्यंत तो आला, मग त्याला बसावंच लागलं. नूतनने दोघांना वाढलं आणि पाण्याचा तांब्या ठेवून तिथेच उभी राहिली. शेवंताबाई तव्यामागून बघत होती. चार घास झाले आणि त्याने वर दिव्यांकडे पाहिलं, मग झाडाकडे, आणि तोंड उघडलं. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. तो थांबला.

नूतन खुर्ची ओढून समोर बसली. तिने त्याला विचारलं की तू आता काय म्हणणार होतास. तो म्हणाला, अजून एक भाकरी मिळेल का. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हसली. जानेवारीपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. भाकरी तिने स्वतः आणली आणि तो जेवेपर्यंत तिथेच बसली. काहीतरी बोलत होते. मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मी हात धुऊन, शेवंताबाईला दोन शब्द बोलून बाहेर आले, तर फाटकाशी मोटारसायकल नाही. फुगेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, दोघं आत्ताच गेले. मला बरोबर आणलं आहे हे दोघांनाही आठवलं नाही. म्हाताऱ्या बाईला रात्री रिक्षा शोधत चौकापर्यंत चालत जावं लागलं, आणि रिक्षावाल्याने मला लांबच्या रस्त्याने फिरवून आणलं. घरी पोचले तर माझ्या खोलीतलं तिचं अंथरूण उचललेलं होतं.

सकाळी दोघांनाही चांगलं फैलावर घेणार होते. अजून घेतलं नाही. तुम्ही आलात की दोघी मिळून घेऊ. आंबे संपायच्या आत या, योगराजभाऊंनाही आणा.

तुमचीच,
पुष्पा