उठवणाऱ्याचा रकाना

शनिवार, ६ सप्टेंबर

चमचा बांधून ठेवला आहे! विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर आम्हा नोकरदार विद्यार्थ्यांची एक खोली आहे. खोलीत चमचा एकच. तो वर्षभरात तीनदा गहाळ झाला म्हणून कुण्या महात्म्याने त्याला सुतळी बांधली आणि सुतळीचं दुसरं टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं. सुतळी वीतभर! परिणामी, बावन्न वर्षांचा, पाणीपुरवठा कार्यालयाच्या पत्रव्यवहार शाखेचा प्रमुख, बालपणी सहा वर्षं पाठशाळेत संस्कृत घोकलेला असा मी भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरासारखा, चहा ढवळतो. दाद कुणाकडे मागायची? कुलगुरूंना पत्र लिहायला घेतलं. ‘सविनय निवेदन की’ इथवर आलो आणि तास सुरू झाला.

आमच्यातला ड्रायव्हर म्हणाला, “शास्त्रीबुवा, सुतळी सोडा की.” पंधरा वर्षं बस चालवतो तो. अन्यायाचं सौंदर्य त्याला कळायचं नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

ऑफिसात सात पत्रं. सातही ‘कळविण्यास खेद होतो’ वाली. घरी येऊन भूगोलातला वाऱ्यांचा धडा वाचला. वारे खेद व्यक्त न करता दिशा बदलतात — कार्यालयापेक्षा प्रामाणिक.

शनिवार, १३ सप्टेंबर

आमच्या खोलीबद्दल एकदा लिहून ठेवायला हवं. पूर्वी इथे नकाशे ठेवत. एक प्रचंड जगाचा नकाशा अजून भिंतीवर आहे. समुद्रांचा निळा रंग उडून आता ताकासारखा झाला आहे. त्याच्यासमोर एक जुना कोच. दुपारी तीनला खिडकीतून ऊन येतं, सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसते, आणि त्या पाण्याच्या तळाशी कुणीतरी हमखास झोपलेलं असतं.

झोपणं हा इथला मुख्य विषय. दिवसाच्या पोरांचे तास संपले की आमचे सुरू होतात. प्रत्येक जण कुठून तरी राबून आलेला. म्हणून आजीने तक्ता केला. तीन रकाने: झोपणारा, उठवण्याची वेळ, उठवणारा.

आजी म्हणजे टेलिफोन आजी. अडुसष्ट वर्षांची. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळी लोक एक्स्चेंजला सांगून ठेवत, पहाटे पाचला उठवा. ही उठवायची. “अर्ध्या गावाच्या नवऱ्यांना मी उठवलंय,” म्हणते, “माझा तेवढा कधी उठला नाही.” एक पदवी घेऊन झाली, आता ड्रायव्हरबरोबर भूगोलाच्या पहिल्या वर्षाला बसते. तिचा नियम एकच. खोलीत गजर लावायचा नाही. एकाच्या गजराने चौघांची झोप मोडते. माणसाने माणसाला उठवायचं. खांद्यावर दोन बोटं, हाक न मारता.

आज सिस्टर झोपली होती, उठवणारा मी. दोन बोटं ठेवली. तिने डोळे उघडले आणि नकाशाकडे पाहत म्हणाली, “आत्ता कुठल्या किनाऱ्याला लागलो?” मी म्हटलं, “तास सुरू व्हायला पाच मिनिटं आहेत, त्या किनाऱ्याला.” हसली.

सिस्टर मुलांच्या वॉर्डात रात्रपाळी करते. वय एकेचाळीस. माझ्या एक वर्ष पुढे, म्हणजे शेवटच्या वर्षाला. भूगोल कशाला घेतला, असं एकदा विचारलं होतं. म्हणाली, लहानपणी ताप आला की वडील हातात नकाशा द्यायचे. बोट फिरवता फिरवता झोप लागायची, आणि बोट जिथे थांबलं तिथे गेल्याचं स्वप्न पडायचं. “मला ती सगळी गावं नीट बघायची आहेत. निदान कागदावर.”

पुढच्या शनिवारी चार वाजता तिचं शेवटचं प्रात्यक्षिक. ते चुकलं तर वर्ष गेलं. आणि मेट्रनने बजावलंय, शनिवारच्या सुट्ट्या या सत्रापुरत्याच. पुढचं वर्ष तिच्या कॅलेंडरात नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

हिने विचारलं, “पदवी मिळाल्यावर पगार वाढणार?” नाही. “मग बढती?” नाही. “मग काय होणार?” म्हटलं, वारे कुठून येतात ते कळेल. ही म्हणाली, “खिडकी उघडली की मलाही कळतं.” — अपील नाही.

तरी संध्याकाळी माझी अभ्यासाची वही घेऊन बसली होती. चष्मा लावून! विचारलं तर म्हणे, अक्षर किती बिघडलंय ते बघत होते.

शनिवार, २० सप्टेंबर

आज घडलं ते क्रमाने लिहितो. ऑफिसात टिपण लिहितो तसं.

पावणेतीनला सिस्टर आली. रात्रपाळी संपली, बदलीची बाई आली नाही, म्हणून दुपारपर्यंत तीच. चेहरा कागदासारखा. तक्त्यावर तिने स्वतः लिहिलं: सिस्टर, पावणेचार, शास्त्रीबुवा. “तुमचं प्रात्यक्षिक उद्या ना? मग तुम्हीच. आजी आणि ड्रायव्हर त्यांच्या परीक्षेच्या घाईत असतील.”

“निर्धास्त झोपा,” मी म्हणालो.

दोन मिनिटांत झोपली.

साडेतीनला ड्रायव्हर आणि आजी निघाले. पहिल्या वर्षाची परीक्षाही चारलाच, खालच्या मजल्यावर. तिची झोप मोडू नये म्हणून ड्रायव्हरने बूट काढून हातात घेतले. एवढा दांडगा माणूस, मोज्यांवर चवड्यांनी चालत गेला! आजीने पडदा ओढला, स्वतःची शाल तिच्या पायांवर टाकली, दारातून मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. मी मान हलवली. दार इतकं हळू लावलं की कडीसुद्धा वाजली नाही.

मग खोलीत ती आणि मी. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी नकाशावर पडली होती. समुद्रावरून सावकाश सरकत ती किनाऱ्याला लागली. तिथून वाळवंटात शिरली. सिस्टरचा श्वास आत-बाहेर, आत-बाहेर, आणि पट्टी त्या लयीत चालल्यासारखी. कुणाला कुठे जायचं नाही, कुणाला काही लिहायचं नाही, असं काहीतरी. फार बरं वाटत होतं.

माझा डोळा लागला.

सव्वापाचला ड्रायव्हर आला. दारातूनच, “सुटलो बुवा! सिस्टरचं कसं झा—” मग कोच दिसला. त्याच्या हातातली मोजपट्टी खाली पडली. त्या आवाजाने ती उठली.

“किती वाजले?”

 तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. शालीच्या चार घड्या केल्या, कोचावर ठेवल्या, टोकं जुळवून. म्हणाली, “बरं झालं. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.” आणि गेली.

ओरडली असती तर!

रविवार, २१ सप्टेंबर

माझं प्रात्यक्षिक झालं. चांगलं गेलं, याची लाज वाटते.

हिला सगळं सांगितलं.  मग म्हणाली, “तुम्ही? दुपारी झोपलात? सत्तावीस वर्षांत पाहिलं नाही मी.” म्हटलं, वय झालं. हिने माझी अभ्यासाची वही पुन्हा उघडली.

मंगळवार, २३ सप्टेंबर

अर्धी रजा टाकून परीक्षा विभागात गेलो. खिडकीतल्या बाईंना सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, “वैद्यकीय दाखला?” नाही, आजारी नव्हती. “अपघात?” नाही. “घरात कुणी गेलं?” नाही हो! “मग गैरहजेरीचं कारण काय लिहू?” म्हटलं, झोप. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. “काका, असा रकाना नाही आमच्याकडे.”

माझंच वाक्य मला परत मिळालं. एकतीस वर्षं मी लोकांना हेच लिहीत आलोय, जरा संस्कृत वापरून.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आजीने सिस्टरला फोन केला. चार वाक्यं बोलली म्हणे ती. रागावलेली नाही. शनिवारी येणार नाही. पुस्तकं ग्रंथालयाला परत द्यायची आहेत, कुणी नेईल का. शास्त्रीबुवांना सांगा, मनाला लावून घेऊ नका.

लावून घेऊ नका! जेवण गेलं नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

तासाला कुणाचं लक्ष नव्हतं. तास संपल्यावर खोलीत सगळे जमले. कोच रिकामा, कुणी बसेना. आजी म्हणाली, “अर्ज करायचा. सगळ्यांच्या सह्यांचा. शास्त्रीबुवा, घ्या लिहायला, तुमचा धंदाच आहे तो.”

मी लिहिलं: ‘अपरिहार्य कारणास्तव सदर विद्यार्थिनी अनुपस्थित राहिली असून —’

आजीने कागद ओढून घेतला. “अपरिहार्य कसलं? आपण सहज उठवू शकलो असतो. खरं लिहा.”

“खरं लिहिलं तर हसतील.”

“हसू देत. हसणारा माणूस निदान वाचतो तरी.”

ड्रायव्हर म्हणाला, “माझं पण लिहा. बूट हातात घेतल्याचं. बूट घालून गेलो असतो तर ती नक्की उठली असती, आमचे बूट म्हणजे काय साधे बूट आहेत होय!”

तेव्हा लिहिलं. ती अठरा तास काम करून आली होती. आमच्या खोलीत गजराला बंदी आहे आणि ती आम्ही घातली. एकाने बूट काढले, एकीने पडदा ओढला, शाल पांघरली. उठवण्याची जबाबदारी माझ्यावर होती, मला झोप लागली. तिच्याकडून चूक एकच झाली, तिने आमच्यावर विश्वास ठेवला. — साधं मराठी. एक जोडशब्द नाही. एवढं उघडंबोडकं पत्र मी जन्मात लिहिलं नव्हतं.

सह्या झाल्या. सतरा. शेवटची आमच्या सरांची. सर एकतीस वर्षांचे, मला ‘काका’ म्हणतात आणि गुण कापतात. सही करता करता म्हणाले, “तुम्ही लोक एकमेकांना झोपवता, हे मला ठाऊकच नव्हतं. आम्ही शिकत होतो तेव्हा एकमेकांच्या वह्या लपवायचो.”

मग सतरा जण जिना उतरून परीक्षा विभागात. बाईंनी अर्ज वाचला. बुटांपाशी आल्यावर तोंडाला पदर लावला. पुन्हा पहिल्यापासून वाचला, या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “माझी आई नर्सच होती. साहेबांच्या हातात नेऊन देते. पेटीत टाकत नाही.”

बुधवार, १ ऑक्टोबर

मंजूर! शनिवारी अकरा वाजता, एकटीसाठी प्रात्यक्षिक. ‘विशेष बाब म्हणून’. हा शब्दप्रयोग मी आजवर फक्त नाकारताना वापरला आहे.

आजी फोनवर सिस्टरला सांगत होती, मी शेजारी उभा. पलीकडून काही ऐकू येईना. मग आजी म्हणाली, “रड, रड. लाइन चालू ठेवते मी.”

शनिवार, ४ ऑक्टोबर

तिला आणायला ड्रायव्हर गेला, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या स्कूटरवर. आजीने आदल्या दिवसापासून तिला तीनदा फोन केले. जुनी सवय.

आम्ही बाहेर जिन्यावर बसलो होतो. आतून कागदाची सळसळ, पेन्सिलीला टोक केल्याचा आवाज. जिन्याच्या उंच खिडकीतून धुरकट ऊन येत होतं, जणू आम्ही सगळे मिळून तिचीच एक जुनी दुपार पुन्हा बघत होतो. बाराला बाहेर आली. बोटांना शाई, डोळे चमकत होते. “नदी मुखापासून उगमापर्यंत काढली,” म्हणाली, “एकदाही हात उचलला नाही.” सरांनी निकाल सांगायचा नसतो. त्यांनी फक्त अंगठा वर केला आणि लगेच तो खिशात घातला.

मग सगळे वर आलो. चहा झाला. शनिवारची सुट्टी तिने परत केली होती, रात्री ड्यूटी होतीच. म्हणाली, “पडू का तासभर?” तक्त्यापाशी गेली. पेन घेतलं. सिस्टर. दोन वाजता. आणि तिसऱ्या रकान्यात, आमच्या सगळ्यांदेखत, लिहिलं: शास्त्रीबुवा.

ड्रायव्हरने टाळी वाजवली. आजीने दटावलं, झोपू दे तिला. मी दीड तास खुर्चीत ताठ बसून राहिलो. तळहातावर पेनाने ‘दोन — सिस्टर’ लिहून ठेवलं होतं आणि दर मिनिटाला वाचत होतो. वेळेवर उठवलं. “बघा,” ती म्हणाली, “जमतं की.”

रविवार, ५ ऑक्टोबर

मी झोपलो नव्हतो.

या वहीत लिहिलं ते खोटं. अर्जात लिहिलं तेही, सतरा सह्यांच्या वर. पावणेचारला मी घड्याळाकडे पाहिलं होतं. चारला पाहिलं. सव्वाचारला पाहिलं. आकडे स्पष्ट दिसत होते. ते कशासाठी बघतोय, हेच आठवेना. कोचावर कोण झोपलंय, तेही थोडा वेळ नाही. आणि घाबरलोसुद्धा नाही, फार शांत वाटत होतं.

गेल्या महिन्यात ऑफिसातही असं दोनदा झालं. हिला संशय आहे. आधी हिला सांगू की सिस्टरला, जिने काल पुन्हा माझं नाव लिहिलं, ते ठरत नाही. भीती वाटते.