कोरडीच ओढलेली पट्टी

मंगळवार, संध्याकाळ

आज लोणखेड्याला सुमनबाईंची पट्टी बदलायला गेले होते. छातीतली कॅन्सरची गाठ फुटून आता मोठी जखम झाली आहे. खोलीत शिरताच वास आला, आणि कधी एकदा बाहेर पडते असं झालं. जखमेला चिकटलेली पट्टी सलाईननं भिजवून, थांबून काढायची असते. नवीन नर्स मुलींना मीच हे शिकवते. आज मी थांबले नाही, कोरडीच ओढली. रक्त आलं. सुमनबाईंनी खाटेची कड घट्ट धरली, पण ओरडल्या नाहीत.

सुनेला म्हणाल्या, "खिडकी उघड वं, ताईले वास येस."

"नाही हो, कुठे वास?" मी म्हणाले. तोंडावर मास्क होता, पण डोळे त्यांनी पाहिलेच असतील.

"मालेबी येस ना ताई," त्या म्हणाल्या. "मी कोठे जाऊ?"

रक्त थांबेपर्यंत दाबून धरलं. मग उरलेली पट्टी भिजवली आणि ती सुटेपर्यंत शेजारी बसून राहिले. हे आधीच का नाही केलं? मी घाई केली, एवढं तरी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "तुन्हा हात हलका शे."

आणि मी ते ऐकून घेतलं.