चारही वायरी नव्या

प्रिय पोरी,

फोन सोडून हा म्हातारा पत्र कुठे लिहीत बसला, असं तुला वाटेल. फोनवर तुझ्या सासूबाई मधूनमधून तोंड घालतात आणि माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं, म्हणून हा खटाटोप. घाबरू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. बातमी आहे ती गाडीची.

त्याची गाडी मी बाहेर काढली. आमचा लेक गेल्यापासून ती पत्र्याच्या शेडमध्ये झाकूनच होती. विकायचा विषय निघाला की तुझ्या सासूबाई उठून आत जायच्या. तूही नोकरीसाठी घाटापलीकडे जाईपर्यंत कधी त्या बाजूला फिरकली नाहीस. आम्ही तिघंही त्या शेडला वळसा घालूनच चालायचो. मागच्या आठवड्यात मात्र तुझ्या सासूबाईंनी स्वतःच कव्हर ओढून काढलं आणि हिला चालती करा, असं फर्मान सोडलं. आपल्या घरात फर्मानाचं कारण विचारायची सोय नाही, हे तू जाणतेसच.

नवी बॅटरी घातल्यावर गाडी सुरू तर झाली, पण पाण्याच्या टाकीजवळचा चढ आला की धापा टाकायची, आचके द्यायची. मेकॅनिककडे नेली. त्याने शटर खाली ओढून अंधार केला आणि चालू इंजिनाकडे बोट दाखवलं. प्लगकडे जाणाऱ्या वायरींचं रबर जागोजाग तडकलं होतं आणि त्यातून बारीक निळ्या ठिणग्या बाहेर उडत होत्या. प्लगला मिळायची वीज वाटेतच गळत होती. साध्या नकोत, जाड सिलिकॉनच्या वेष्टनाच्या घाला, असं त्याने सुचवलं. एवढंच ना, मी घरीच घालतो, असं मी ऐटीत सांगून आलो आणि तिथेच माती खाल्ली.

मी जन्मभर छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवली. मजकूर छापून झाला की सगळी अक्षरं सोडवायची, पुसायची आणि आपापल्या खणात घालायची, ही आमची रीत. त्याच सवयीने मी जुन्या वायरी एकदम उपटल्या, सगळं लख्ख पुसलं आणि नव्या वायरी एक, दोन, तीन, चार अशा ओळीने लावल्या. काम कसं छापील पानासारखं देखणं दिसत होतं. किल्ली फिरवली मात्र, असा बार उडाला की समोरच्या शिंपीणकाकू हातातल्या कात्रीसकट रस्त्यावर आल्या. तुझ्या सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

मेकॅनिक पोट धरून हसला. इंजिन शाळेतल्या उजळणीसारखं मोजत नाही म्हणे. आधी पहिला प्लग पेटतो, मग तिसरा, मग चौथा आणि दुसऱ्याची पाळी सगळ्यात शेवटी. म्हणून एक वायर काढायची, तिच्या जागी नवी बसवायची, मगच पुढचीला हात लावायचा. ऐकताना मला एकदम आपला लेक आठवला. गाडीखाली आडवा पडून तो पाना मागायचा आणि टॉर्च धरून बसलेली तू हटकून भलताच पाना द्यायचीस. मग खालून त्याची बडबड आणि वरून तुझं हसणं. खरं सांगतो, त्याच्या आठवणीने हसू यावं असं किती दिवसांनी झालं.

वायरी पुन्हा त्या क्रमाने लावल्यावर गाडी आता तो चढ एका दमात चढते. मी मेकॅनिकची पाठ थोपटायला गेलो, तर तो म्हणाला की वायरींनी इंजिनाला नवी ताकद येत नसते, असलेली वाया जायची थांबते, इतकंच. काल तुझ्या सासूबाईंना शेजारी बसवून घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. त्यांनी सारा वेळ दाराची मूठ घट्ट धरली होती, पण परत फिरा असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

आता मुद्द्याचं. तुझ्या आईचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, बिचारीला राहवलं नाही. तुझ्या दवाखान्यात औषधं देणाऱ्या त्या भल्या माणसाने तुला लग्नाचं विचारलंय, आणि आम्हाला काय वाटेल या धास्तीने तू त्याला नुसतं ताटकळत ठेवलंयस, हे आम्हाला कळलं. फोन ठेवल्यावर आम्ही दोघं रडलो, खोटं कशाला बोलू? पण ते आपल्या लेकासाठी, तुझ्यावर रागावून नव्हे. मग तुझ्या सासूबाईंनी तोंड धुतलं आणि तडक शेडमध्ये गेल्या. त्या माणसाला हो म्हण, पोरी, आणि तारीख कळव. घाट चढून आम्ही आपल्याच गाडीने येणार आहोत. मला तेवढी एक शंका होती, ती मी त्यांना काल वाटेत विचारली, की त्या मांडवात आपण नेमकं कोण म्हणून उभं राहायचं? त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाल्या, "मुलीकडचे म्हणून. आणखी कोण?"

तुझेच,
बाबा