खिशात राहिलेलं समन्स

३ जानेवारी
सूनबाई जुन्या कोर्टी शब्दांची यादी करतेय. नव्या वकिलांना कळत नाहीत म्हणे! मी तीस वर्षं बेलिफ, घरोघर समन्स पोचवणारा. तेव्हा मीच तिचा शब्दकोश. नाझर — मूळ अरबी, 'नजर'वरून. नजर ठेवणारा. आमच्या नाझरसाहेबांची नजर फक्त घड्याळावर, म्हटल्यावर पोरगी पोट धरून हसली.

४ जानेवारी
पंचनामा. 'नामा' फारसी — लेखी कागद. "दाराला कुलूप असेल तर समन्स दारावर चिकटवायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या," मी ऐटीत सांगितलं.
"आयत्या वेळी पंच मिळायचे कुठे, बाबा?"
मी विषय बदलला. चहाच्या टपरीवर मिळायचे!

६ जानेवारी
आज 'एकतर्फी'. 'तरफ' अरबी — बाजू. समोरचा हजर नाही, म्हणून एकाच बाजूचं ऐकून दिलेला निकाल. "उदाहरण द्या ना." म्हटलं, आठवत नाही.
खोटं! अकरा वर्षं डोक्यातून जात नाही. चौथ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई. घरमालकाने खोली खाली करायचा दावा लावलेला. माझा गुडघा दुखत होता, जिना जिवावर आला. टपरीवर बसूनच लिहिलं — दाराला कुलूप, समन्स डकवले. चहावाला आणि एक गिऱ्हाईक, दोघांच्या सह्या. समन्स माझ्या खिशात.
निकाल एकतर्फी लागला. खोलीचा ताबा घ्यायला मलाच पाठवलं. तेव्हा बरा चढलो जिना! शिलाई मशीन रस्त्यावर आलं. बाई म्हणाल्या, "मला कागदच आला नाही हो." मी पंचांच्या सह्या दाखवल्या. "आला होता."
लाज वाटते. फार लाज वाटते.

७ जानेवारी
यादीला हात लावला नाही. सूनबाई दोनदा डोकावून गेली.

८ जानेवारी
तिला सगळं सांगून टाकलं. लिहिता लिहिता थांबली. मला वाटलं, आता उठून जाईल. पेन खाली ठेवून म्हणाली, "त्या बाई कुठे असतात आता?"

१२ जानेवारी
चौकशीत कळलं, बाईंचं बाजारात छोटं दुकान आहे. दोघं गेलो. काज करत होत्या. मी कबूल केलं, हात जोडले. बाईंनी खोलीबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाल्या, "मुलगा म्हणाला, कागद मीच घेतला नि विसरले. कोर्टाचा माणूस खोटं कशाला लिहील? तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी." तिथेच मुलाचा नंबर लावला, फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही सांगा त्याला."