लख्ख रिकामा डबा

प्रिय धाकटे,

पहाटे उठून, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी पोरांचे डबे भरणाऱ्या आपण सगळ्या! आपल्या जमातीचं गाऱ्हाणं एकच: डबा जसा गेला तसा परत येतो. ही जखम मलाही होती. आज मात्र माझ्या टिकलीचा डबा अर्धा भरलेला परत आला आणि मी स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिले. वेड लागलं म्हणशील. ऐक.

दूध, अंडी, मांस घरातून गेलं तेव्हापासून मी किती भाषणं ठोकली ते तुला ठाऊक आहे. मुक्या जिवाला न दुखवता, गरिबाच्या ऐपतीत पोराचं पोट भरतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. चवळी, हरभरे, शेंगदाणे, हंगामातलं फळ. वर डॉक्टरीणबाईंनी दिलेली जीवनसत्त्वाची गोळी. मांसाच्या निम्म्या खर्चात आठवडा निघतो. पालकसभेत कुणीसं कुजबुजलं, "पोरं खातात का पण हे गवत?" मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, "माझ्या लेकीचा डबा बघा! रोज लख्ख रिकामा येतो!" टाळ्या पडल्या. टिकली पहिल्या रांगेत बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढं तेव्हा दिसायला हवं होतं.

दोन महिन्यांनी शाळेतल्या तपासणीत तिचं वजन दीड किलोने उतरलेलं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "महिनाभर बघू. वजन चढलं नाही, तर तुमची तत्त्वं मोठ्यांच्या ताटात ठेवा." इतकं वाचलं, इतकं बोलले, आणि माझीच पोर माझ्याच हट्टापायी वाळत होती?

छडा लावला तुझ्या भावजींनी. भांडी तेच घासतात ना. एका संध्याकाळी डबा माझ्या नाकाखाली धरून म्हणाले, "सभापतीणबाई, याला चवळीचा वास येतोय का बघा." डब्याला गुलाबाचा वास होता. शाळेच्या नळावरच्या साबणाचा! अगं, सात वर्षांचं कुठलं पोर आपणहून डबा धुतं? जेवलेल्या पोराच्या डब्याच्या झाकणाला काहीतरी चिकटलेलं असतंच.

टिकलीला जवळ घेतलं तर ती रडायलाच लागली. जेवणाच्या सुट्टीत ती सगळं बागेतल्या खताच्या खड्ड्यात ओतायची. म्हणाली, "तू सगळ्यांना सांगितलंस ना, रिकामा येतो म्हणून. मग भरलेला कसा आणू? तू खोटी पडली असतीस." धाकटे, माझं भाषण खरं ठरावं म्हणून माझी लेक उपाशी राहत होती.

तिचं भांडण तत्त्वाशी नव्हतंच. पावात कुस्करलेली चवळी घातली की दुपारपर्यंत त्याचा लगदा व्हायचा आणि तिला ओकारी यायची. बस, एवढंच! आता पाव कोरडा, चवळी वेगळ्या डबीत, लिंबू पिळून. हरभरे कुरकुरीत भाजलेले, गाजराच्या काड्या, केळं सालासकट. डबा ती स्वतः भरते आणि मला दटावते, "आई, हात लावू नकोस." तत्त्व सोडलं नाही गं, तत्त्वाचा लगदा तेवढा सोडला. काल वजन केलं: गेलेलं सगळं भरून आलं, वर थोडं जास्तच. डॉक्टरीणबाई हसल्या आणि माझा महिनाभर अडकलेला श्वास सुटला. आणि आज तो अर्धा डबा. झाकणाला लिंबाची बी चिकटलेली, आत अर्धा पाव, मूठभर हरभरे आणि कोपऱ्यात दोन काड्या उरलेल्या. "आज भूक नव्हती," ती बिनधास्त म्हणाली. असं बिनधास्त ती कितीतरी दिवसांनी बोलली.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते सांगते. माझं भाषण ऐकून तूही तुझ्या गुंड्याला तसाच डबा देऊ लागलीस. परवाच्या पत्रात तू कौतुकाने लिहिलंस, "ताई, याचाही डबा लख्ख परत येतो, धुतल्यासारखा!" ते वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्याला दरडावू नकोस, माझं नावही काढू नकोस. हे पत्र मिळेल त्याच संध्याकाळी त्याला मांडीवर घे आणि एवढंच सांग: उद्या डबा भरलेला परत आणलास तरी चालेल.

तुझीच,
ताई