वाढलेली बांगडी

शमशादफुफी,

जयसिंगपूरला तुझ्या बांगड्यांच्या दुकानातून पळाले, त्याला आठ महिने झाले. कोल्हापुरात नदीकाठच्या उत्खननावर माती चाळायला होते. काल साहेबांनी हाकललं.

चाळणीत हिरव्या काचेचा तुकडा आला, तीन-चारशे वर्षांपूर्वीचा. मी पिशवीवरच्या चिठ्ठीत लिहिलं, ‘वाढलेली बांगडी’.

साहेब ओरडले, “बांगडी वाढते? ती काय दुधी भोपळा आहे? फुटलेली लिही.”

“न्हाय लिहिणार. बांगडी फुटली म्हणत न्हाईत, वाढली म्हणत्यात.”

तुझंच शिकवणं, फुफी. नडलं.

आपल्या घराण्यातली पहिली बाई याच नदीवर बायकांना बांगड्या भरायची, असं तू सांगायचीस. तिच्यावर कादंबरी लिहायची म्हणून तर पळाले. तीन वह्या भरल्या. मध्येच कागलचा उरूस घुसलाय, ते सोड. पण तिचं नावच मला माहीत नाही! पळाल्यावर फोनवरच्या भांडणात तू म्हणालीस, “दुकानात परत ये, मग सांगते.” एवढा कसला हट्ट गं? तुझ्याशिवाय ते नाव कुणाला येतं?

हे पत्र टाकलं तर म्हणशील, आली वठणीवर. म्हणून टाकत नाही. पण नाव सांग की!

तूच वाढवलेली,
इरम